ओळख देणाऱ्याची सही

बँकेला पंचाहत्तर वर्षं पूर्ण होणार म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं आणि इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. कारण सोपं होतं, मी रिकामा होतो. १९८३ मध्ये कारकून म्हणून चिकटलो, शाखाधिकारी म्हणून निवृत्त झालो, आणि मला लिहिता येतं असा एक गैरसमज संचालक मंडळात बरीच वर्षं पसरलेला होता. अध्यक्षसाहेब म्हणाले, "दहाबारा पानं करा. फोटो भरपूर येणारेत, त्यामुळे मजकूर थोडा कमी पडला तरी चालेल. प्रगतीचा आलेख मात्र रंगीत पाहिजे."

आमची म्हणजे सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावातली नागरी सहकारी बँक. नाव देत नाही. का ते पुढे कळेल.

दोन दिवसांत चार पानं झाली. १८७५ साली पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात बाजाराच्या दिवशी कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, तिथून सुरुवात. मग कायदा यायच्या पंधरा वर्षं आधी, १८८९ मध्ये, बडोद्यात विठ्ठल लक्ष्मण कवठेकरांनी काढलेली अन्योन्य सहकारी मंडळी. मग १९०४ चा सहकारी पतसंस्थांचा कायदा. १९०६ मध्ये पुण्यात कॉसमॉस, त्याच वर्षी मुंबईत शामराव विठ्ठल, १९१८ मध्ये सारस्वत. जर्मनीत सहकारी पतसंस्था सुरू करणाऱ्या दोघांपैकी रायफायझन खेड्यातल्या शेतकऱ्यांचा आणि शुल्त्स-डेलिच शहरातल्या कारागीर-दुकानदारांचा, आणि आमच्या नागरी बँका या दुसऱ्याच्या कुळातल्या, हेही घातलं. मोठ्या समाधानानं बायकोला वाचायला दिलं. तिनं चष्मा काढून विचारलं, "यात आपली बँक कुठाय?"

चारही पानं काढून टाकली. फक्त सुप्याच्या वह्या डोक्यात राहिल्या. त्या लोकांनी जसल्या वह्या जाळल्या, तसल्याच वह्या शोधायला मी आता बँकेच्या माळ्यावर चढणार होतो.

माळा म्हणजे मुख्य शाखेच्या जुन्या इमारतीत रेकॉर्ड रूमच्या वरचा पोटमाळा. तिथं दोन लोखंडी कपाटं. एकाची किल्ली मिळाली, दुसऱ्याचं कुलूप शिपायानं पहारीनं उचकटलं. आत लाल खारव्याच्या बांधणीच्या वह्या होत्या. इतिवृत्ताच्या, म्हणजे आमच्या भाषेत प्रोसिडिंगच्या, आणि कर्जखतावण्या. वाळवीनं १९५३ ते ५६ ची इतिवृत्तं अशी खाल्ली होती की पुठ्ठा हातात आला आणि मधल्या मजकुराची माती झाली. त्या चार वर्षांत काय घडलं ते आता त्या वाळवीलाच ठाऊक. पण पहिली वही शाबूत होती. पानापानावर संस्थेचा जांभळा शिक्का आणि त्यावर गावाच्या नावाखाली "जि. उत्तर सातारा". मी क्षणभर गोंधळलो. मग आठवलं, १९४९ मध्ये जिल्ह्याचे दोन तुकडे झाले होते आणि १९६० पर्यंत आजच्या सांगलीला दक्षिण सातारा म्हणत. आमची संस्था १९४९ मध्येच नोंदली गेलेली. तेव्हा ती बँक नव्हती, पतपेढी होती. दहा रुपयांचा शेअर, तोही महिना एक रुपया भरून घेता यायचा.

इतिवृत्तं बाळबोधीत, म्हणजे देवनागरीत होती, ती वाचता आली. खतावणी मात्र मोडीत. पहिला कारकून कुठल्यातरी पेढीवरून आलेला असावा, त्यानं हात बदललाच नाही. मला मोडीचं अक्षर लागत नाही. शेवटी पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकून आलेले एक निवृत्त गुरुजी सापडले. ते मानधन घेईनात, "रोज चहा आणि जुन्या वह्यांचा वास, एवढं पुरे" म्हणाले. आम्ही दोघं जवळजवळ महिनाभर दुपारी बसत होतो.

मोडी लिहिणारा आधी आख्खी ओळ आडवी आखून घेतो आणि मग अक्षरं तिला टांगत जातो. शब्द तुटत नाहीत, ऱ्हस्व-दीर्घ नाही, विरामचिन्हं नाहीत. गुरुजी बोट ठेवून एकेक ओळ सोडवत आणि मी लिहून घेत असे. पहिल्या आठवड्यात मी आकडे स्वतःच वाचायला गेलो आणि फसलो. एका ठिकाणी "४॥=" असं होतं. मी ते साडेचार बरोबर अमुक, असं समजून पुढची रक्कम शोधत राहिलो. गुरुजी पोट धरून हसले. दोन उभ्या रेघा म्हणजे आठ आणे, एक आडवी म्हणजे एक आणा. चार रुपये दहा आणे. असे दोन पानांचे आकडे मी चुकीचे उतरवले होते.

आणि मग पहिलं कर्ज सापडलं. खतावणीचं पान एक. गावातल्या एका शिंप्याला शिवणयंत्रासाठी दीडशे रुपये, दोन जामीन, एक किराणावाला आणि एक तांबट. उजव्या बाजूला परतफेड. ती वाचताना मला आमच्या आजच्या कर्ज विभागाची कीव आली. पावसाळ्यात दोन-दोन रुपये, आषाढात तर एका महिन्यात नुसते आठ आणे. दिवाळीच्या आधी एकदम पंधरा. लग्नसराईत दर महिन्याला दहा-बारा. ठरलेला हप्ता सात रुपयांचा होता आणि तो नेमका सात असा त्यानं एकदाही भरलेला नाही. आजच्या नियमानं हे खातं तिसऱ्या-चौथ्या महिन्यातच थकीत म्हणून लाल झालं असतं. तेव्हाच्या कारकुनानं काही केलं नाही. कारण लोक कपडे कधी शिवतात ते त्याला माहीत होतं. १९५१ च्या वैशाखात पानाच्या तळाशी एकच शब्द, बेबाक. म्हणजे सगळं फिटलं.

हा शिंपी मला पुढे पुन्हा भेटणार होता.

इतिवृत्तं वाचायची एक युक्ती मला हळूहळू सापडली. चांगलं काही घडलं की त्यात नावं असतात, अमुक यांनी सूचना मांडली, तमुक यांनी अनुमोदन दिलं. काही बिघडलं की माणसं गायब होतात आणि नुसतं "असे ठरले", "असे आढळून आले" एवढंच उरतं. मी पेन्सिलीनं असे "आढळून आले" खुणावत गेलो. खरा इतिहास बहुतेक तिथंच होता.

१ एप्रिल १९५७ ला दशमान नाणी आली तेव्हा आण्याचे सव्वासहा नवे पैसे करताना प्रत्येक खात्यात काही ना काही तुटलं आणि वर्षअखेरची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांची एकत्र बेरीज, काही नव्या पैशांनी जुळेना. त्यावर दोन सभा झाल्यात. पैसे कुठं गेले ते आढळून आलं नाही. शेवटी कारकुनानं खिशातून भरले असावेत असा माझा तर्क आहे.

१९६३ ची वही मात्र हसण्यासारखी नाही. त्या जानेवारीत सुवर्ण नियंत्रण आलं, चौदा कॅरेटच्या वरचे नवे दागिने घडवायला बंदी झाली. आमच्या गावात सोनारांची आळीच आहे आणि त्यातले बरेच जण सभासद. महिन्या-दोन महिन्यांत त्यांचे हप्ते थांबले. सभेत वाद झालेला दिसतो. एक संचालक म्हणतो जामीनदारांकडून वसूल करा. दुसरा म्हणतो जामीनदारही सोनारच आहेत, एकाकडून दुसऱ्याचं काय वसूल करणार? आमच्या पद्धतीतली ही गोम मला नोकरीच्या पस्तीस वर्षांत इतकी स्वच्छ कधी दिसली नव्हती. ओळखीचा जामीन म्हणजे बहुधा त्याच धंद्यातला, त्याच आळीतला, आणि बुडायचंच झालं तर त्याच पाण्यात बुडणारा. शेवटी मुदतवाढ दिली. काही खाती वसूल झाली, काही राखीव निधीतून मिटवली. दोन सोनार गाव सोडून गेले, त्यातल्या एकानं १९७१ मध्ये मुंबईहून मनिऑर्डरनं मुद्दल पाठवल्याची नोंद आहे. व्याजाचा उल्लेख नाही आणि कुणी मागितल्याचाही नाही.

१ मार्च १९६६ पासून सहकारी बँकांना बँकिंग नियमन कायदा लागू झाला. भागभांडवल आणि राखीव निधी मिळून किमान एक लाख असेल तर नागरी बँक, नाहीतर पतसंस्थाच. १९६५ च्या उत्तरार्धात आमचे संचालक घरोघर शेअर खपवत फिरलेले दिसतात. लाखाची रेघ ओलांडली आणि पाटीवर "बँक" आली. तेव्हापासून सून एक आणि सासवा दोन, सहकार खातं आणि रिझर्व्ह बँक. एकीनं लेखापरीक्षणात "अ" वर्ग द्यावा आणि दुसरीनं त्याच ताळेबंदावर चार पानी तपासणी अहवाल धाडावा, हे मी स्वतः कितीदा पाहिलंय.

११ डिसेंबर १९६७ ला पहाटे कोयनेचा भूकंप झाला. त्यानंतरची सभा बँकेसमोर मांडव घालून झाली, कारण इमारतीच्या भिंतीला भेग पडली होती. ठराव एका ओळीचा आहे, ज्यांची घरं पडली त्यांना पत्र्यांसाठी कर्ज, जामीन एकच पुरे. १९६९ च्या जुलैत चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं आणि दोनेक वर्षांत एका सरकारी बँकेची शाखा आमच्या बाजारपेठेत आली. आता ठेवी जाणार म्हणून घबराट झाली. तशा फारशा गेल्या नाहीत. आम्ही व्याज थोडं जास्त देत होतो, शिवाय दारावर पिग्मी, म्हणजे रोजची छोटी ठेव, गोळा करायला आमचा माणूस जात होता. सरकारी शाखेत काउंटरपाशी चप्पल काढावी की नाही हेच लोकांना कळत नसे.

पुढची वीस वर्षं भराभर सरतात. शाखा, इमारत, रौप्यमहोत्सव, लॉकर, सोनेतारण. आलेख रंगीत करायला हा काळ उत्तम.

मला जिथं थांबायचं होतं ती १९९० नंतरची वही. तिथं "असे आढळून आले" एकदम वाढतात. आणि तिथं मीही आहे.

१९९६ मध्ये एका संचालकाच्या पुतण्यानं शीतगृहासाठी कर्ज मागितलं. बँकेच्या मानानं मोठं. प्रस्ताव मी तयार केला. तारण जमिनीचं मूल्यांकन जास्त आहे हे मला दिसत होतं, कारण शेजारचीच जमीन माझ्या चुलत भावानं घेतली होती आणि तिचा भाव मला माहीत होता. पण मूल्यांकनाचा दाखला रीतसर होता, जामीनदार दोन माजी संचालक होते आणि माझी बढती व्हायची होती. अहवालाच्या शेवटच्या रकान्यात मी लिहिलं, "कर्जदार सुपरिचित. पत उत्तम. शिफारस." ते अक्षर मी माळ्यावर पुन्हा पाहिलं. अक्षर चांगलं आहे माझं.

शीतगृहाचा सांगाडा अजून हायवेवरून दिसतो. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुलीचा दाखला, जप्ती, लिलावाला बोली नाही, पुन्हा लिलाव, अपील. हे सगळं अकरा वर्षं चाललं. जामीनदारांपैकी एक मधेच वारले. मुद्दलाचा जेमतेम तिसरा हिस्सा आला.

हे चालू असतानाच मार्च २००१ उजाडला. अहमदाबादची माधवपुरा मर्कंटाइल को-ऑपरेटिव्ह बँक शेअर बाजाराच्या व्यवहारांत अडकून कोसळली आणि तिच्यात ठेवी ठेवलेल्या इतर सहकारी बँकाही गोत्यात आल्या. आमचा तिच्याशी काही संबंध नव्हता. पण आमच्या काही ठेवी दुसऱ्या एका नागरी बँकेत होत्या आणि तिच्याबद्दल वावड्या उठल्या. सोमवारी सकाळी साडेआठला मी शाखेत पोचलो तर रांग पायरीपासून मारुतीच्या देवळापर्यंत गेलेली. मी त्या वेळी रोखपाल विभाग बघत होतो. जीप घेऊन दोघांना रोकड आणायला साताऱ्याला पिटाळलं आणि दोनाऐवजी चार खिडक्या उघडल्या.

रांगेत अकराव्या नंबरवर माझे सासरे उभे होते. हातात पासबुक, डोक्यावर टोपी. मला म्हणाले, "जावईबापू, तुमच्यावर भरवसा आहे. बँकेचं काय खरं नाही म्हणतात."

म्हटलं, "मामा, मी बँकेतच आहे की."

"म्हणून तर विचारतो," त्यांनी आवाज खाली आणला, "पैसे कितीपर्यंत पुरतील? म्हणजे रांगेत थांबायचं का, ते कळेल."

मी त्यांना थांबा म्हटलं. ते थांबले, सगळी रक्कम काढली, मोजली, आणि रांगेतल्या बाकीच्यांकडे न बघता बाहेर पडले. गुरुवारी परत आले. एवढी रोकड घरात ठेवून त्यांना तीन रात्री झोप नव्हती. तोपर्यंत रांग ओसरली होती. त्यांनी पैसे पुन्हा भरले, पण सगळे नाही. एक लाख. ठेवींवरचं विमा संरक्षण तेव्हा एका ठेवीदाराला एक लाखापर्यंत होतं, हे ते मधल्या तीन दिवसांत शिकून आले होते. विमा नागरी बँकांना १९७१ पासून होता, मर्यादा १९९३ पासून लाखाची होती, पण आमच्या गावानं ती पाठ केली २००१ मध्ये. २०२० च्या फेब्रुवारीत ती पाच लाख झाली तोवर मामा नव्हते, नाहीतर उरलेले घेऊन आले असते.

ऑक्टोबर २००३ पासून रिझर्व्ह बँकेनं नागरी बँकांना संचालक आणि त्यांच्या नातेवाइकांना कर्ज देण्यावर बंदी घातली. इतिवृत्तात त्यावर चर्चा नाही. परिपत्रक वाचण्यात आले, नोंद घेण्यात आली.

हे सगळं मी स्मरणिकेत लिहिलं, माझ्या शिफारशीसकट. संपादक समितीची बैठक झाली. चहा झाला. अध्यक्षसाहेब माणूस चांगला, त्या शीतगृहाशी त्यांचा संबंधही नाही, ते नंतर आलेले. म्हणाले, "तुम्ही स्वतःला कशाला अडकवून घेताय? आणि त्या कर्जदाराचा मुलगा गावात आहे. दुकान आहे त्याचं. आपला ठेवीदार आहे." यावर मला उत्तर सुचलं नाही, कारण मुद्दा बरोबर होता. छापून आलं ते असं, "नव्वदच्या दशकात काही कर्जखाती अनुत्पादक झाल्याचे आढळून आले, तथापि प्रभावी वसुलीमुळे बँकेने या परिस्थितीवर मात केली." वाक्य माझंच आहे. सोनारांचं पान राहिलं, भूकंपाचं राहिलं, शिंप्याचं कर्ज चौकटीत टाकलं. आलेख निळ्या आणि केशरी रंगात आला.

शिंप्याचा फोटो मात्र हवा होता. त्याचा शोध घेताना मी खाती उघडण्याचे जुने अर्ज काढले, की पत्ता तरी मिळेल. तेव्हा अर्जावर "ओळख देणाऱ्याची सही" असा रकाना असायचा. आधीच्या खातेदारानं सही केल्याशिवाय खातं उघडत नसे. आता आधार आणि पॅन, त्यामुळे हा रकाना नव्या पोरांनी पाहिलेलाही नाही. अर्ज उलटत गेलो तसा मी चक्रावलो. दर तिसऱ्या-चौथ्या अर्जावर तोच शिंपी. त्याचं दुकान बँकेच्या जिन्याखालीच होतं, त्यामुळे नवा माणूस वर आला आणि ओळख मागितली की कारकून त्याला खाली पाठवत असावा. १९५८ च्या एका सभेत "एकाच सभासदाने वाजवीपेक्षा जास्त ओळखी देऊ नयेत असे ठरले" हे मी आधी वाचलं होतं, तेव्हा अर्थ लागला नव्हता. गावातली म्हातारी माणसं सांगतात की ओळखीचे चार आणे घ्यायचा. कुणी म्हणतं घेत नव्हता, फक्त शर्ट शिवायला त्याच्याकडेच टाकावा लागायचा.

सहीच्या वर आणखी एक रकाना होता, "आपण अर्जदारास किती काळ ओळखता?" बहुतेक ठिकाणी त्यानं "५ वर्षे" लिहिलंय. सगळ्यांना पाच. नुकत्याच लग्न होऊन आलेल्या सुनांनाही पाच.

फोटो मिळाला नाही. नातू पुण्याला असतो, त्याच्याकडेही नव्हता. पण अर्ज चाळताना १९६२ च्या गठ्ठ्यात माझ्या वडिलांचा अर्ज निघाला. वडील प्राथमिक शिक्षक, बदली होऊन त्या जूनमध्ये या गावात आले. गावात कुणी ओळखीचं नव्हतं. पगार ठेवायला खातं हवं होतं. खाली ओळख देणाऱ्याची सही त्याचीच, मोडी वळणाची. वरच्या रकान्यात त्या दिवशी त्याला काय वाटलं कोण जाणे, पाच वर्षं लिहिलेलं नाही. तिथं लिहिलंय, "आजपासून."

कारकुनानं शेजारी बरोबरची खूण केली आहे. पहिला भरणा पाच रुपये.